कोंबडीखाद्यातील जिवाणू आणि औषधांना दाद न देणारे जंतू : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ब्रॉयलर आणि अंड्यांवरच्या कोंबड्या पाळणारे शेतकरी, लहान खाद्यगिरण्या चालवणारे उद्योजक आणि चिकन-अंडी खाणारे ग्राहक यांच्याकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न येथे एकत्र केले आहेत. उदाहरणे शक्य तिथे महाराष्ट्रातली घेतली आहेत; ज्या गोष्टींची नीट मोजदाद परदेशात झाली, त्यांची उदाहरणे तिकडची आहेत.

खाद्यात जिवाणू असणे आणि खाद्यात प्रतिजैविक असणे ही एकच तक्रार आहे का?

नाही. पहिल्या बाबतीत कच्च्या मालातून किंवा गिरणीतून आलेला जिवंत जंतू पोत्यातून शेडमध्ये पोहोचतो. दुसऱ्या बाबतीत खाद्य स्वच्छ असले तरी त्यात मिसळलेले औषध कोंबडीच्या आतड्यात आधीपासून असलेल्या जिवाणूंपैकी त्या औषधाला पुरून उरणाऱ्यांना मोकळे रान देते. तपासणी, उपाय आणि जबाबदारी या तिन्ही बाबतींत हे प्रश्न वेगळे आहेत. मात्र प्रत्यक्ष व्यवहारात त्यांची गाठ पडते, ती अशी की खाद्य ओले, जुने किंवा घाणेरडे असल्यामुळे पक्ष्यांचे पोट बिघडते आणि त्यावर उतारा म्हणून पुढच्या खेपेच्या खाद्यात औषध टाकले जाते. त्यामुळे खाद्य स्वच्छ होत नाही, आणि त्यात असलेल्या जिवाणूंना औषधाची सवय मात्र लागते. आमच्या मते आपल्याकडच्या अडचणीचे मूळ या सवयीत आहे, आणि पुढील बहुतेक उत्तरे याच मुद्द्याकडे वळतात.

खाद्यात कोणते जिवाणू आढळतात आणि ते येतात कुठून?

सर्वाधिक काळजी साल्मोनेलाची घेतली जाते, कारण तो कोंबडीला लक्षणे न दाखवता तिच्या आतड्यात राहू शकतो आणि मांस-अंड्यांमार्फत माणसापर्यंत पोहोचतो. त्याखालोखाल ई. कोलाय, एन्टरोकॉकस आणि बीजाणू तयार करणारा क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्स यांचा विचार करावा लागतो. कॅम्पिलोबॅक्टर हा माणसाच्या जुलाबाचे मोठे कारण असला तरी तो कोरडेपणा सोसत नाही, त्यामुळे त्याच्याबाबतीत खाद्यावर संशय घेण्याचे सहसा कारण नसते.

मका आणि सोयाबीन पेंड हे आपल्या खाद्याचे दोन मुख्य घटक. मक्यापासून मुख्य धोका बुरशीचा असतो. खरिपाचा मका पावसात सापडला, पुरेसा न वाळवता व्यापाऱ्याकडे गेला आणि तसाच थप्पीत पडला, तर आधी बुरशी व अफ्लाटॉक्सिन हे तिचे विष आणि त्यांच्यामागोमाग जिवाणूंना अनुकूल ओल, असा क्रम लागतो. सोयाबीन पेंडीचे गणित वेगळे आहे. तेल काढताना तिला पुरेशी उष्णता मिळते, परंतु पेंड बाहेर पडल्यानंतर थंड होताना, साठवताना आणि ट्रकमध्ये भरताना ती पुन्हा दूषित होते. मासळीची कुटी आणि मांस-हाडांची भुकटी हे घटक सर्वांत जोखमीचे मानले जातात. १९७० च्या सुमारास पेरूमधून निर्यात झालेल्या मासळीच्या भुकटीबरोबर साल्मोनेला अगोना हा तोवर दुर्मीळ असलेला प्रकार अमेरिका आणि युरोपातील कोंबड्यांत शिरला आणि काही वर्षांतच तिथल्या माणसांच्या आजारपणात नेहमी सापडू लागला. एका घटकाच्या खेपांतून रोगजंतू समुद्र ओलांडून कसा पसरतो, याचे ते सर्वांत चांगले नोंदले गेलेले उदाहरण आहे.

यात एक घटक कोणत्याही सूत्रात लिहिलेला नसतो, तो म्हणजे बारदान. एका फार्मवरून परत आलेली रिकामी पोती झटकून दुसऱ्या फार्मसाठी भरली जातात. त्या पोत्यांना पहिल्या शेडची धूळ, पिसे आणि विष्ठा चिकटलेली असते. गिरणीच्या दारात येणारे उंदीर, कबुतरे आणि चिमण्या हाही असाच न लिहिलेला घटक.

खाद्य तर कोरडे असते. मग त्यात जिवाणू जगतात कसे?

जगतात, पण वाढत नाहीत. भारतीय मानक ब्युरोच्या कोंबडीखाद्याच्या मानकात, म्हणजे आयएस १३७४ मध्ये, ओलाव्याची कमाल मर्यादा ११ टक्के आहे. इतक्या कोरड्या पदार्थात साल्मोनेलाची संख्या वाढू शकत नाही. परंतु तो महिनोन्‌महिने निद्रिस्त राहू शकतो, आणि कोरड्या, तेलकट पदार्थात असताना उष्णतेलाही अधिक चिवटपणे तोंड देतो. फीडरमध्ये पाण्याचे थेंब पडले, गोडाऊनचे पत्रे गळले किंवा पोती भिंतीला टेकवून ठेवल्याने कडेच्या पोत्यांना ओल आली, की तेवढ्या जागी वाढ सुरू होते. कोकणपट्टीत जून ते सप्टेंबर या काळात हे वारंवार घडते. लाकडी फळ्यांवर ठेवलेली आणि भिंतीपासून हातभर अंतर राखलेली थप्पी हा त्यावरचा साधा उपाय आहे. तो सर्वांना माहीत असतो आणि जागा अपुरी पडली की सर्वांत आधी तोच सोडला जातो.

पेलेट केलेले, म्हणजे दाबून गोळ्या केलेले, खाद्य निर्जंतुक असते, असे विक्रेता सांगतो. ते खरे आहे का?

अर्धे खरे आहे. पेलेट मिलच्या आधी असलेल्या कंडिशनरमध्ये खाद्याला वाफ दिली जाते. तिथे तापमान ८० ते ८५ अंश सेल्सिअसपर्यंत नेले आणि खाद्य पुरेसा वेळ तिथे राहिले, तर साल्मोनेला आणि ई. कोलाय यांची संख्या फार मोठ्या प्रमाणात घटते. येथे "पुरेसा वेळ" हे शब्द महत्त्वाचे आहेत, कारण उत्पादन वाढवण्यासाठी कंडिशनरमधून माल भराभर ढकलला की मीटरवर तापमान बरोबर दिसते आणि दाण्याच्या आत ते पोहोचलेलेच नसते. क्लॉस्ट्रिडियमचे बीजाणू तर या तापमानाला जुमानतच नाहीत.

त्याहून मोठी गोम पुढच्या टप्प्यात आहे. गरम पेलेट कूलरमध्ये येते आणि तिच्यावरून हवा ओढली जाते. ही हवा बहुतेक ठिकाणी गिरणीच्या आतलीच असते, म्हणजे जिथे कच्चा मका आणि पेंड उतरवली जाते तिथल्या धुळीने भरलेली. कूलरच्या थंड पत्र्यावर वाफेचे पाणी जमते, त्यावर भुकटी चिकटते, आणि ऊब, ओल व अन्न या तिन्ही गोष्टी जिवाणूंना एकाच जागी मिळतात. कूलर उघडून आतल्या कोपऱ्यातले खपल्यासारखे थर सुरीने खरवडून पाहावेत. वरचा पापुद्रा कोरडा आणि आतला भाग काळपट, ओलसर, आंबट वासाचा असेल, तर त्या गिरणीच्या तयार मालाचा अहवाल कसा येणार याचा अंदाज तिथेच येतो. माल वर नेणाऱ्या एलिव्हेटरच्या तळाच्या खोक्यात साचलेल्या खाद्याचेही तसेच. सकाळी यंत्र सुरू केल्यानंतरची पहिली काही पोती पूर्ण तापमान गाठण्याआधीच बाहेर पडलेली असतात. ती पुन्हा कंडिशनरमध्ये घालण्याऐवजी थप्पीत लागली, तर दिवसभराच्या वाफेचा उपयोग काय?

स्वीडनमध्ये १९५३ साली आल्वेस्ता येथील कत्तलखान्यातून साल्मोनेलाची मोठी साथ पसरली. सुमारे नऊ हजार लोक आजारी पडले आणि नव्वदच्या आसपास दगावले. त्यानंतर त्या देशाने कोंबड्यांवर टप्प्याटप्प्याने जे नियंत्रण बसवले, त्यात खाद्याला उष्णता देणे सक्तीचे आहे. तपासणीचे नमुने तिथे तयार खाद्याबरोबरच कूलर, धूळ काढणारी यंत्रणा आणि साठवणीच्या टाक्या अशा जागांवरूनही घेतले जातात. आपल्या गिरण्यांनी उचलावी अशी ही पद्धत आहे, आणि तिला फारसा खर्चही येत नाही.

अंड्यांवरच्या कोंबड्यांना आम्ही स्वतः मॅश तयार करून घालतो. त्याचे काय?

मॅशला, म्हणजे पेलेट न करता भरडून मिसळलेल्या खाद्याला, उष्णता मिळतच नाही, त्यामुळे कच्चा माल जसा येईल तसे खाद्य होईल. आवक मालाचा ओलावा मोजणे, मासळीच्या कुटीचा विश्वासू पुरवठादार ठरवणे किंवा ती वगळणे, आणि आठवडा-दहा दिवसांपुरतेच खाद्य दळणे, एवढे पाळावे.

थोडेसे दूषित खाद्य खरोखर इतके बिघडवू शकते का?

पक्ष्याच्या वयावर ते अवलंबून आहे. एका दिवसाच्या पिल्लाच्या आतड्यात स्वतःचे जिवाणू अजून वसलेले नसतात, त्यामुळे अगदी मोजके साल्मोनेला पोटात गेले तरी ते तिथे ठाण मांडतात. मोठ्या पक्ष्यात त्यांना जागा मिळणे अवघड जाते. फिनलंडच्या नुर्मी आणि रंताला यांनी १९७३ मध्ये हेच दाखवले आणि मोठ्या कोंबडीच्या आतड्यातील जिवाणू पिल्लांना देऊन संरक्षण मिळवता येते हे सिद्ध केले. म्हणून पिल्लांच्या सुरुवातीच्या प्री-स्टार्टर खाद्याची स्वच्छता विक्रीआधीच्या फिनिशर खाद्यापेक्षा अधिक महत्त्वाची आहे.

प्रमाणाचा विचार असाही करता येतो. एक ब्रॉयलर विक्रीपर्यंत साधारण साडेतीन किलो खाद्य खातो असे धरले, तर पाच हजार पक्ष्यांच्या शेडमध्ये एका बॅचला साडेसतरा टन खाद्य लागते. किलोमागे एकच जिवंत जंतू असला, तरी त्या शेडमध्ये त्याला साडेसतरा हजार वेळा प्रवेशाची संधी मिळते.

असे असले तरी प्रत्येक मरतुकीचे खापर खाद्यावर फोडणे योग्य नाही. साल्मोनेला गॅलिनेरममुळे होणारा कोंबड्यांचा टायफॉइड बहुतेक वेळा आजारी पक्ष्यांकडून आणि अंड्यांतून पुढच्या पिढीत येतो. कोलिबॅसिलोसिसची, म्हणजे ई. कोलायच्या संसर्गाची, मर लागली असेल तर खाद्याआधी पाणी तपासावे. निपलच्या पाइपमधून बोट फिरवल्यावर बुळबुळीत थर हाताला लागला, तर शोध तिथूनच सुरू करावा.

प्रतिजैविके खाद्यात मुळात आली कशी?

अपघाताने. १९४८-४९ च्या सुमारास अमेरिकेतील लेडर्ली प्रयोगशाळेत थॉमस ज्यूक्स आणि रॉबर्ट स्टोकस्टॅड हे बी-१२ जीवनसत्त्वाचा स्वस्त स्रोत शोधत होते. क्लोरटेट्रासायक्लिन तयार करताना उरलेला चोथा त्यांनी पिल्लांना घातला, तेव्हा पिल्ले जीवनसत्त्वाच्या हिशेबापेक्षा अधिक वेगाने वाढली; वाढीचे श्रेय चोथ्यात उरलेल्या औषधाकडे गेले. टनामागे काही ग्रॅम औषध टाकले की कमी खाद्यात अधिक वजन मिळते, हे कळल्यावर ती प्रथा जगभर पसरली. ब्रिटनमध्ये १९६९ सालच्या स्वान समितीने माणसांच्या उपचारात लागणारी प्रतिजैविके वाढीसाठी वापरू नयेत असे स्पष्ट सांगितले होते. स्वीडनने १९८६ मध्ये वाढीसाठीचा वापर थांबवला आणि युरोपीय संघाने १ जानेवारी २००६ पासून तो पूर्णपणे बंद केला.

इतक्या कमी मात्रेने नुकसान कसे होते?

कमी मात्रा हीच अडचण आहे. उपचाराच्या मात्रेत औषध ठरावीक दिवस दिले जाते आणि थांबते. वाढीच्या मात्रेत ते रोज, आठवडेच्या आठवडे, संपूर्ण कळपाला दिले जाते. औषधाला बळी पडणारे जिवाणू हळूहळू मागे पडतात आणि रोधक्षम, म्हणजे औषधाला दाद न देणाऱ्या, जिवाणूंची टक्केवारी वाढत जाते. त्यात रोध देणारी जनुके पुष्कळदा प्लाझ्मिडवर, म्हणजे जिवाणूच्या मुख्य गुणसूत्रापासून स्वतंत्र असलेल्या डीएनएच्या छोट्या कड्यावर असतात. हे कडे एका जिवाणूकडून दुसऱ्याकडे, अगदी वेगळ्या जातीच्या जिवाणूकडेही जाऊ शकते. कोंबडीच्या निरुपद्रवी ई. कोलायकडे असलेले जनुक उद्या माणसाच्या आतड्यातील क्लेब्सिएला या जिवाणूकडे असू शकते, ते यामुळेच.

एकाच प्लाझ्मिडवर तीन-चार औषधांची जनुके असू शकतात, आणि याचा परिणाम ध्यानात घेतला नाही तर बंदीचे गणित चुकते. डेन्मार्कने १९९५ मध्ये खाद्यातील अॅव्होपार्सिन हे प्रतिजैविक बंद केले, कारण त्यामुळे माणसांसाठी महत्त्वाच्या व्हँकोमायसिनला दाद न देणारे एन्टरोकॉकस वाढत होते. कोंबड्यांमध्ये त्यांचे प्रमाण पुढील काही वर्षांत झपाट्याने उतरले, पण डुकरांमध्ये उतरेना. डुकरांच्या खाद्यात टायलोसिन हे दुसरे प्रतिजैविक चालूच होते, आणि टायलोसिनच्या गटाला रोध देणारे जनुक व व्हँकोमायसिनचे जनुक एकाच प्लाझ्मिडवर बसलेले होते. १९९८ मध्ये टायलोसिनचा वापर खाली आला, तेव्हाच डुकरांमधले प्रमाणही घसरले. म्हणूनच "आम्ही फक्त जुने, स्वस्त टेट्रासायक्लिन घालतो, महत्त्वाचे औषध घालत नाही" हा युक्तिवाद टिकत नाही. मोरचूद आणि झिंक ऑक्साइड यांच्या अतिरिक्त मात्रांबद्दलही हाच आक्षेप आहे, कारण धातूंना रोध देणारी जनुके प्रतिजैविकांच्या जनुकांसोबत असल्याचे आढळते.

भारतातील एक आकडा येथे देणे योग्य ठरेल. पंजाबमधील १८ फार्मवरील पक्ष्यांतून दीड हजारांहून अधिक ई. कोलाय वेगळे करून तपासल्याचा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. पेनिसिलिन व सेफॅलोस्पोरिन गटांना निष्प्रभ करणारे ईएसबीएल हे विकर तयार करणाऱ्या जिवाणूंचे प्रमाण ब्रॉयलरमध्ये ८७ टक्के, तर अंड्यांवरच्या कोंबड्यांत ४२ टक्के आढळले.

कोलिस्टिनचीच एवढी चर्चा का झाली?

अतिदक्षता विभागात कार्बापेनेम या राखून ठेवलेल्या प्रतिजैविकांनाही दाद न देणारा क्लेब्सिएला किंवा अॅसिनेटोबॅक्टर सापडला की डॉक्टरांच्या हाती जी मोजकी औषधे उरतात, त्यांत कोलिस्टिन आहे. मूत्रपिंडावरील दुष्परिणामांमुळे एकेकाळी बाजूला पडलेले हे औषध दुसरे काही उरले नाही म्हणून परत आणावे लागले. त्याच काळात ते कोंबड्यांच्या खाद्यात आणि पाण्यात सर्रास जात होते. नोव्हेंबर २०१५ मध्ये चीनमधील संशोधकांनी कोलिस्टिनला रोध देणारे एमसीआर-१ हे जनुक प्लाझ्मिडवर असल्याचे जाहीर केले आणि चित्र बदलले.

चीनने २०१७ मध्ये वाढीसाठीचा कोलिस्टिनचा वापर बंद केला. त्यानंतरच्या पाहणीत कोंबड्यांमधील कोलिस्टिन-रोधी ई. कोलायचे प्रमाण १८.१ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आलेले दिसले. वापर थांबवला की रोध कमी होऊ शकतो, हे या आकड्यांतून दिसते. तो आपोआप आणि सर्वत्र होईल असे मात्र डेन्मार्कच्या डुकरांच्या उदाहरणानंतर कोणी म्हणू नये.

भारतात आज नेमका कायदा काय आहे?

केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने १९ जुलै २०१९ च्या अधिसूचनेने औषधे व सौंदर्यप्रसाधने अधिनियमाच्या कलम २६-अ खाली अन्नासाठी पाळल्या जाणाऱ्या प्राण्यांत, कुक्कुटपालनात, मत्स्यशेतीत आणि पशुखाद्य पूरकांत कोलिस्टिनच्या उत्पादन, विक्री व वितरणावर बंदी घातली. मार्च २०२५ मध्ये क्लोरॅम्फेनिकॉल आणि नायट्रोफ्युरान गटाबाबतही अशीच बंदी आली. अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरण मांस, अंडी व दुधातील औषध-अंशांच्या मर्यादा ठरवते. प्राण्यांच्या औषधाच्या वेष्टनावर औषध थांबवल्यापासून विक्रीपर्यंतचा प्रतीक्षाकाळ छापणे २०१२ पासून बंधनकारक आहे. तो ठरवलेला नसेल तर अंडी व दुधासाठी किमान ७ दिवस आणि कोंबडीच्या मांसासाठी किमान २८ दिवस धरायचे असतात. पस्तीस ते बेचाळीस दिवसांत विकल्या जाणाऱ्या ब्रॉयलरच्या बाबतीत २८ दिवस म्हणजे जवळजवळ संपूर्ण आयुष्य, हे लक्षात घेतले की हा नियम किती गांभीर्याने वाचायला हवा ते कळते.

खाद्याची बाजू मात्र लंगडी आहे. मानक ब्युरोने कोंबडीखाद्याच्या २००७ च्या मानकात वाढीसाठीच्या प्रतिजैविकांचा वापर टाळण्याची आणि टप्प्याटप्प्याने थांबवण्याची शिफारस केली. परंतु ते मानक ऐच्छिक स्वरूपाचे राहिले. औषधावर औषध प्रशासनाची आणि मांसावर अन्न प्रशासनाची नजर असते. मधले पोते दोघांच्याही हातून निसटते, असे आमचे स्पष्ट मत आहे.

मी करारावर ब्रॉयलर पाळतो. पिल्ले, खाद्य, औषधे सर्व कंपनीकडून येते. खाद्यात काय आहे हे मला कसे कळणार?

पोत्याच्या तोंडाशी शिलाईत अडकवलेली चिठ्ठी आधी वाचावी. तिच्यावर प्रथिने, तंतू, ऊर्जा यांचे आकडे ठळक असतात; त्यांच्याखाली बारीक अक्षरांत कधी बीएमडी, सीटीसी, टायलोसिन, लिंकोमायसिन किंवा एन्रामायसिन असे नाव असते. बीएमडी म्हणजे बॅसिट्रासिनचा एक प्रकार आणि सीटीसी म्हणजे क्लोरटेट्रासायक्लिन. चिठ्ठीवर यांपैकी काही नसणे हा खात्रीचा पुरावा नव्हे, कारण औषध प्रीमिक्समधून (जीवनसत्त्वे-खनिजांच्या तयार मिश्रणातून) किंवा "टॉनिक" म्हणून वेगळ्या पुडीतूनही येऊ शकते. सुपरवायझरला तोंडी न विचारता, या बॅचच्या प्रत्येक टप्प्याच्या खाद्यात कोणते औषध आहे आणि फिनिशर कोणत्या दिवसापासून औषधविरहित आहे, हे लेखी मागावे. व्हॉट्सअॅपवरचे उत्तरसुद्धा नोंद म्हणून उपयोगी पडते. पाण्यातून द्यायला सांगितलेल्या प्रत्येक औषधाचे रिकामे पाकीट तारीख घालून शेडच्या नोंदवहीत चिकटवावे.

आणखी एक शक्यता असते. गिरणीत त्याच मिक्सरमधून आधी औषधाचे आणि लगेच नंतर औषधविरहित खाद्य काढले, तर पहिल्याचा अंश दुसऱ्यात उतरतो. मध्ये साधा भरडलेला मका फिरवून यंत्र धुऊन काढावे लागते. तसे केले जाते का, हा प्रश्न विचारण्याचा करारदारालाही हक्क आहे.

खाद्यातले प्रतिजैविक बंद केले तर मर वाढेल आणि एफसीआर (एक किलो वजनवाढीसाठी लागणारे खाद्य) बिघडेल, असे सगळे सांगतात.

डेन्मार्कमधील ब्रॉयलर उत्पादकांनी १९९८ च्या सुरुवातीला वाढीसाठीची प्रतिजैविके थांबवली. त्यानंतरच्या नोंदींत दर चौरस मीटर उत्पादन घटलेले नाही, मरतूक वाढलेली नाही, आणि खाद्य रूपांतरात पडलेला फरक अत्यंत किरकोळ आहे. पण हे वाचून उद्याच औषध बंद करणाऱ्याने दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. तिथे रक्ती हगवणीविरुद्धचे सॅलिनोमायसिनसारखे आयनोफोर गटाचे औषध चालू राहिले होते आणि त्यांचा क्लॉस्ट्रिडियमवरही थोडा परिणाम होतो. शिवाय तिथली शेड, तापमानाचे नियंत्रण आणि दोन बॅचमधली स्वच्छता आपल्याकडच्या उघड्या शेडपेक्षा वेगळी आहे.

आपल्याकडे औषध थांबवल्यावर पहिला फटका बसतो तो नेक्रोटिक एन्टरायटिसचा, म्हणजे क्लॉस्ट्रिडियममुळे होणाऱ्या आतड्याच्या आजाराचा, आणि तो प्रामुख्याने ओल्या लिटरवर (शेडमधल्या तुसाच्या थरावर), दाटीत आणि निकृष्ट मासळीच्या कुटीवर वाढलेल्या पक्ष्यांना बसतो. म्हणून क्रम उलटा असावा: आधी लिटर कोरडे करावे, म्हणजे रोज तूस हलवणे, गळकी निपल बदलणे आणि पक्ष्यांची दाटी कमी करणे, नंतर खाद्यातील मासळीचे प्रमाण व प्रत तपासावी, दोन बॅचमध्ये शेड पुरेसे दिवस रिकामे ठेवावे, आणि त्यानंतर औषध काढावे. एका शेडमध्ये करून पाहावे आणि शेजारच्या शेडशी ताडून पाहावे. आजारी पक्ष्यांवर पशुवैद्यकाच्या सल्ल्याने उपचार करण्यास कोणाचाच विरोध नाही. आक्षेप आहे तो निरोगी कळपाला रोज दिल्या जाणाऱ्या मात्रेवर.

सेंद्रिय आम्ले, फॉर्मॅलिन, प्रोबायोटिक यांचा उपयोग होतो का?

फॉर्मिक व प्रोपिऑनिक आम्लांच्या मिश्रणामुळे खाद्यातील साल्मोनेला कमी होतो आणि उष्णतेनंतरच्या पुनर्दूषणाला काही प्रमाणात आळा बसतो. योग्य मात्रेत ती उपयोगी आहेत, परंतु यंत्रे गंजतात हे लक्षात घ्यावे. फॉर्मॅल्डिहाइड परिणामकारक असले तरी हाताळणाऱ्या कामगारांच्या आरोग्याच्या कारणावरून युरोपीय संघाने २०१८ मध्ये खाद्यासाठी त्याची परवानगी नाकारली; आम्हीही त्याची शिफारस करत नाही. प्रोबायोटिकच्या बाबतीत उत्पादनागणिक फरक इतका आहे की एकच उत्तर देता येत नाही.

खाद्याचा तपासणी अहवाल "साल्मोनेला आढळला नाही" असा आला. निश्चिंत व्हावे का?

साल्मोनेला खाद्यात सारखा मिसळलेला नसतो. तो गठ्ठ्यागठ्ठ्याने असतो. प्रयोगशाळा प्रमाणित पद्धतीने सहसा २५ ग्रॅम नमुना तपासते, आणि २० टनांच्या ट्रकचा तो आठ लाखांवा भाग आहे. त्यामुळे नमुना कसा घेतला हे निकालाइतकेच महत्त्वाचे ठरते. एका पोत्याच्या तोंडाशी हात घालून मूठभर खाद्य काढणे म्हणजे नमुना नव्हे. अनेक पोत्यांतून, वरून-मधून-तळातून थोडे थोडे घेऊन, स्वच्छ पिशवीत एकत्र करून, त्यातून नमुना काढावा. साल्मोनेला व ई. कोलाय ज्यात मोडतात त्या एन्टरोबॅक्टेरिएसी कुळातले जिवाणू एकूण किती आहेत हा आकडाही मागावा. पेलेट खाद्यात तो मोठा आला, तर उष्णता कमी पडली आहे किंवा नंतर दूषण झाले आहे, हे साल्मोनेला न सापडताही कळते. अहवालाला चार-पाच दिवस लागतात. एका दिवसात साल्मोनेलाचा अंतिम अहवाल देतो म्हणणाऱ्याला त्याची पद्धत विचारावी.

प्रतिजैविक-संवेदनशीलतेच्या अहवालात एक विशिष्ट चूक अजून दिसते. कागदी चकत्या ठेवून भोवतीचे स्वच्छ वर्तुळ मोजण्याची पद्धत बहुतेक औषधांसाठी चालते, पण कोलिस्टिनसाठी ती विश्वसनीय नाही, कारण हा मोठा रेणू माध्यमात नीट पसरत नाही. त्यासाठी द्रव माध्यमातील सूक्ष्म-विरलन पद्धत वापरावी लागते. अहवालात कोलिस्टिनपुढे चकतीच्या वर्तुळाचे मिलिमीटर लिहिले असतील, तर ती ओळ बाजूला ठेवावी.

महाराष्ट्रात पुण्यातील औंध येथील पशुसंवर्धन विभागाची रोग अन्वेषण प्रयोगशाळा आणि पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाची पशुवैद्यकीय महाविद्यालये येथे सल्ला मिळू शकतो.

चिकन नीट शिजवले की धोका संपतो ना?

जिवाणूंचा संपतो. तुकड्याच्या आतपर्यंत ७४ अंश तापमान पोहोचले की साल्मोनेला मरतो, मग तो औषधाला दाद देणारा असो वा नसो. आपला रस्सा त्यापेक्षा कितीतरी अधिक उकळतो. धोका आहे तो शिजवण्याआधी. नळाखाली कच्चे चिकन धुताना उडणारे थेंब, त्याच सुरीने चिरलेली कोशिंबीर आणि बेसिनशेजारी वाळत घातलेली भांडी यांतून जंतू पोटात जातात. औषधाच्या अंशाचे तसे नाही. अनेक प्रतिजैविके शिजवूनही पूर्ण नष्ट होत नाहीत. दिल्लीतील सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंट या संस्थेने २०१४ मध्ये राजधानी परिसरातील ७० नमुने तपासले, तेव्हा ४० टक्के नमुन्यांत असे अंश सापडले होते.

गावरान कोंबडी घेतली तर?

खऱ्या परसातल्या कोंबडीला औषधी खाद्य मिळण्याची शक्यता कमी असते. "गावरान" म्हणून शेडमध्ये, तयार खाद्यावर वाढवलेल्या पक्ष्यांना ते लागू नाही. साल्मोनेला तर दोघींनाही होतो.

शेडमधले कोंबडीखत आम्ही द्राक्षाला आणि भाजीपाल्याला घालतो. त्यात हे जंतू जातात का?

जातात, आणि सोबत औषधाचा अंशही जाऊ शकतो, कारण टेट्रासायक्लिनसारख्या औषधांचा बराचसा भाग विष्ठेतून न बदलता बाहेर पडतो. ताजे खत थेट शेतात पसरू नये. ढीग लावून, पुरेसा ओलावा राखून आणि वरचेवर पालटून ते नीट कुजवले, तर ढिगातील उष्णतेने जिवाणू मोठ्या प्रमाणात मरतात; पालटले नाही तर कडेचा थंड थर तसाच राहतो. कोथिंबीर, मेथी, मुळा अशा जमिनीलगत वाढणाऱ्या आणि कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या पिकांना न कुजलेले खत अजिबात घालू नये.

याचा बर्ड फ्लूशी काही संबंध आहे का?

नाही. फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूरला आलेली देशातील पहिली साथ विषाणूची होती, आणि विषाणूवर प्रतिजैविके चालत नाहीत. तरीही साथीची बातमी आली की "खबरदारी म्हणून" खाद्यात प्रतिजैविक वाढवणारे भेटतात. त्याने फायदा काहीच होत नाही.

खाद्यामुळे नुकसान झाल्याचा संशय आला तर पुरावा म्हणून काय ठेवावे?

मर लागल्यानंतर घेतलेल्या नमुन्यावर पुरवठादार हमखास हरकत घेतो की दूषण तुमच्या शेडमध्ये झाले. म्हणून खाद्य उतरवतानाच, ट्रकचालकासमोर, दर खेपेचा साधारण एक किलो नमुना दोन पिशव्यांत घ्यावा. त्यावर खेप क्रमांक, तारीख आणि दोघांच्या सह्या घालून सील करावे, एक पिशवी पुरवठादाराला द्यावी आणि दुसरी थंड, कोरड्या जागी, उंदरांपासून दूर ठेवावी. पोत्याची चिठ्ठीही त्याच पिशवीला बांधावी. बॅच विकली जाऊन हिशेब पूर्ण होईपर्यंत हा नमुना फेकू नये. मरतूक सुरू झाल्यास ताज्या मेलेल्या दोन-तीन पक्ष्यांचे शवविच्छेदन त्याच दिवशी करून घ्यावे आणि औषध सुरू करण्याआधी नमुने घ्यावेत. औषध दिल्यानंतर घेतलेल्या नमुन्यातून पुष्कळदा काहीच वाढत नाही.